माझी फाडलेली व्हीची पानं

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. थळच्या बुद्धविहारातल्या कपाटात राहतो. माझी पानं फाडणाऱ्या मुलाचं नाव प्रीतम आहे, आणि ते मी मुद्दाम सगळ्यात आधी सांगतो आहे.

मित्रांनो, रत्नपाल सरांनी शिक्षक झाल्यावर पहिल्या पगारातून मला घेतलं आणि विहाराला दान दिलं. वस्तीतली किती मुलं माझ्यावर शिकली! कोणी जेवता जेवता उघडायचं, कोणाच्या हाताला सुकटीचा वास यायचा. मला राग नव्हता. वापरून मळणं वेगळं.

भीमजयंतीला आमच्याकडे अवघड इंग्रजी शब्दांची स्पर्धा होते. गेल्या वर्षीचा विजेता माईकवरून शब्द विचारतो. अर्थ माझ्यात छापलेला असेल तोच खरा, कारण सगळ्यांच्या घरी चांगला मोबाईल नसतो. जो जिंकेल त्याची अलिबागच्या इंग्रजी क्लासची वर्षाची फी जयंती मंडळ भरतं. कोणीच जिंकलं नाही, तर माईक आणि क्लास जुन्या विजेत्याकडेच राहतो.

गेल्या वर्षी प्रीतम जिंकला. मग त्याने मला घरी नेलं आणि व्ही या अक्षराची पानं टराटरा फाडून घेतली. इतरांना ते शब्द मिळूच नयेत, आणि विचारायचे ते नेमके त्यातलेच, असा त्याचा बेत होता. कपाटाच्या अंधारात मी वर्षभर एकच गोष्ट घोकली, याला सोडायचं नाही.

यंदाची जयंती जवळ आली तेव्हा मला साक्षीने घरी नेलं. ही अंगणवाडीत मदतनीस असलेल्या तुळसाबाईंची मुलगी. आईने तिला बजावलं होतं, "यंदा नंबर आला नाय, तर क्लासचं नाव काढू नको. दुकानात कामाला लाग." साक्षीला पानं गेलेली दिसली. पण आळ आपल्यावरच येईल म्हणून ती गप्प राहिली. आईच्या मोबाईलवर व्हीचे जमतील तेवढे शब्द तिने पाठ केले. जयंतीच्या आधी आठवडाभर, रिवाजाप्रमाणे, सरांनी मला कुलपात ठेवलं.

जयंतीच्या दिवशी शेवटी एकटी साक्षी उरली. प्रीतमने विचारलं, "व्होरेशियस?"

"अधाशी," साक्षी म्हणाली.

"चूक. खादाड."

सर म्हणाले, "पुस्तकात बघू." त्यांनी मला हातात घेतलं आणि मी आपणहून त्या फाटक्या जागीच उघडलो. सरांचा चेहरा उतरला. "हे शेवटचं कोणी नेलं होतं?"

"मी," साक्षी म्हणाली. मंडपात कुजबुज सुरू झाली. तुळसाबाईंनी मान खाली घातली.

आता गप्प बसला असता तर प्रीतम सुटला असता. पण शहाणपणा मिरवायची सवय वाईट. तो माईकवरच म्हणाला, "पुस्तक कशाला पायजे सर? आज सकाळीच वाचलंय मी. खादाड एवढंच हाय त्या पानावर."

"आज सकाळी?" सर म्हणाले. "पुस्तक तर आठवडाभर माझ्या कुलपात आहे."

प्रीतमच्या तोंडचं पाणी पळालं. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. तेवढ्यात त्याची आई, भावनाताई, उठून घरी गेल्या आणि माझी पानं घेऊन आल्या. "ही गादीखाली व्हती, सर. मला वाटलं झेरॉक्स हायत."

सरांनी वाचलं, "व्होरेशियस. अधाशी, खादाड." साक्षी जिंकली.

रिवाजाप्रमाणे नव्या विजेत्याने जुन्याला पहिला शब्द विचारायचा. मी मनातल्या मनात तिला माझे सगळ्यात जहरी शब्द सुचवत होतो. साक्षीने माईक घेतला आणि पताका चिकटवायला आणलेली डिंकाची बाटली त्याच्यापुढे ठेवली.

"आधी चिकटव. मग विचारते."

सगळ्या वस्तीसमोर त्याने पानं चिकटवली. मी मुद्दाम एकही पान सरळ बसू दिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटांत माझे भाऊबंद आहेत. त्यांची पानं फाडू नका. तुमच्यानंतर ते पुस्तक दुसरं कोणीतरी उघडणार असतं, आणि तुमचा आळ त्याच्यावर येतो.

प्रीतमला मी माफ केलेलं नाही. अजूनही त्याने हातात घेतलं की मी त्या वाकड्या पानांवरच उघडतो. तो मान वळवतो, आणि मला फार बरं वाटतं.