लाल फौज, हिरवी फौज आणि मी

मित्रांनो, माझ्या अंगावर एक अख्खा देश आहे. नद्या, घाट, किल्ले, रेल्वेचे रूळ, सगळं काही. मी एक जुना पट आहे, स्वातंत्र्यलढ्याच्या खेळाचा. दोघांनी खेळायचा. लाल सोंगट्या म्हणजे राजाची फौज, तोफांसकट. हिरव्या सोंगट्या म्हणजे बंडखोर, जंगलात पालथे पडून लपणारे. राजधानीवर हिरवा झेंडा लागला की देश स्वतंत्र!

मला वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या एका बाइंडरने आपल्या दोन मुलांसाठी बनवलं. वह्यांचा जाड पुठ्ठा, मधल्या घडीला कापडी पट्टी, आणि नकाशा हाताने रंगवलेला. दुकानातून विकत आणलेल्या खेळांनी माझ्यापुढे मान खाली घालावी असा माझा थाट होता, आणि हे मी उगाच फुशारकीने सांगत नाही.

पण पहिल्याच दिवशी भांडण जुंपलं. ताईला हिरव्या हव्या होत्या आणि धाकट्यालाही हिरव्याच. राजाचा माणूस व्हायला कोण तयार होणार? मग वडिलांनी नियम घातला, की प्रत्येक डाव बाजू बदलून पुन्हा खेळायचा. "समोरच्याच्या जागी बसून जिंकलात, तरच जिंकलात," ते म्हणाले. त्या घरात मी वर्षानुवर्षं गाजलो. शेजारी बघायला यायचे आणि न विचारता सल्ले द्यायचे.

पुढे ताई नर्स झाली, धाकटा वडिलांच्या दुकानात बसू लागला. वडील गेले आणि दुकान विकायचं की ठेवायचं यावरून दोघांचं असं बिनसलं, की बोलणंच बंद झालं. भांडीकुंडी वाटली गेली. शेवटी माझी पाळी आली. दोघंही हट्टाला पेटलेली. पट आणि लाल सोंगट्या भावाकडे गेल्या, हिरव्या सोंगट्या आणि फासे ताईकडे. मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटलं. एवढा देश अंगावर घेऊन मी कपाटावर धूळ खात पडलो.

एकदा साफसफाई करताना भावाच्या बायकोने मला उघडलं.

"अहो, ही फौज लढते तरी कुणाशी?"

"आता कुणाशीच नाही."

"बरंय की! समोर कुणी नसलं म्हणजे तुम्हीच जिंकलात."

चहा तसाच ठेवून त्याने मला पिशवीत घातलं आणि थेट ताईचं दार गाठलं. दारात दोघंही अवघडून उभी राहिली.

"ताई, हिरव्या आहेत ना गं अजून?"

"नसायला काय झालं? पण लाल कोण घेणार?"

"मी."

"बरं नाही का तुला?" ताई म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी ताईने राजधानी घेतली. हरलेला भाऊ टाळ्या वाजवत होता. मग बाजू बदलल्या, आणि दुसऱ्या डावात दुकानाचा विषयही निघाला. आवाज चढले, पण डाव सोडून कुणी उठलं नाही.

माझ्यावर देश कितीतरी वेळा स्वतंत्र झाला आहे, पण एवढा अभिमान मला कधीच वाटला नव्हता. मित्रांनो, खेळून खेळून माझी घडी फाटली तर खुशाल फाटू द्या, कापड लावून ती सांधता येते. फक्त माझी वाटणी करू नका.