मोटरीने मला विचारणे सोडले

मित्रांनो, पाणी सोसायटीच्या कचेरीत भिंतीवर टांगलेली ही पत्र्याची जुनी पेटी म्हणजे मी. पाटोद्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या शहादेव यांनी दुष्काळाच्या एका वर्षी मला हौसेने बनवले.

गावची विहीर आटली होती. टँकर तिच्यात रिकामा होई, मोटर ते पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवी आणि तिथून ते वस्त्यांना पाळीने मिळे. टाकी भरताच मोटर आपोआप थांबावी, एवढेच काम होते. शहादेवांनी वहीत दोन आकृत्या काढल्या. एकीत टाकीवरची पेटी मोटरीच्या पेटीशी थेट बोले. दुसरीत टाकीतल्या पाण्याचे सगळे आकडे माझ्याकडे येत आणि मोटर मला विचारी.

"समदं एका जागी दिसलं की बरं," म्हणत त्यांनी दुसरी निवडली. लोक मला बघायला येऊ लागले. मी जरा फुगलेच.

वैशाखातल्या एका दुपारी तापलेल्या पत्र्याखाली माझे ऐकणे बंद पडले, बोलणे मात्र चालू राहिले. मोटर विचारी आणि मी मघाचेच सांगे, "टाकी अर्धी." टाकी भरून वाहू लागली. अर्ध्या टँकरचे पाणी उतारावरून मातीत गेले. शेवटच्या वस्तीची पाळी आली तोवर टाकी कोरडी झाली होती.

त्या वस्तीवरच्या भामाबाई रिकामी घागर घेऊन कचेरीत आल्या. "शहादेवभाऊ, टाकीत किती पानी हाय ते टाकीला ठावं. कळाया पायजे मोटरीला. मंग मधी ह्या पेटीला कावून इचारायचं?"

शहादेवांनी वही उघडून पहिल्या आकृतीवर बोट ठेवले. "चुकलं माजं," एवढेच म्हणाले.

दोन दिवसांनी टाकी मोटरीशी थेट बोलू लागली. दर मिनिटाला आकडा यायचा. नाही आला, तर मोटर थांबायची. शहादेवांनी मुद्दाम टाकीची वायर काढली. मिनिटभरात मोटर बंद पडली, तेव्हा कुठे ते हसले.

मला ते काढूनच टाकणार होते. भामाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. आमाला बघाया व्हईल." आता मी फक्त ऐकते. आकडा शिळा झाला, तर पुसून टाकते आणि नुसती रेघ दाखवते.

मागच्या आठवड्यात रेघ दिसताच भामाबाई स्वतः टाकीवर चढल्या. तिथल्या पेटीवरची धूळ त्यांनी पदराने पुसली, निसटलेली वायर खोचली आणि वरून ओरडल्या, "आलं का?"

आकडा आला होता. मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रे गप्प झाली, की असेच कुणीतरी वर चढून बघा.