लॉक सापडत नाही

मित्रांनो, मी एक जुना डोंगल आहे. शाळेत मात्र मला या नावाने कुणी हाक मारली नाही, सगळे मला 'लॉक' म्हणत. दाराच्या कुलपासारखा मला कोयंडा नाही की किल्ली नाही. काडेपेटीएवढा माझा करड्या रंगाचा देह, एका तोंडाला दोन ओळींत पंचवीस बारीक दात आणि दुसऱ्या तोंडाला तेवढीच भोकं. कॉम्प्युटरच्या पाठीत दात रोवून मी बसायचो. माझ्या पाठीला प्रिंटरची वायर लागायची. मराठी टाईप करायचं सॉफ्टवेअर सुरू झालं की आधी विचारायचं, लॉक आहे का? मी 'आहे' म्हटलं की काम चालू. उत्तर आलं नाही, तर एक काना छापून मिळायचा नाही.

ज्याच्यावाचून सगळ्यांचं अडतं तो मोठा सुखी, असं तुम्हाला वाटत असेल. माझं तसं कधी झालं नाही. मी जन्मापासूनच धास्तावलेला. कुणी टेबल सरकवलं, मागून केरसुणी फिरली, की मी दात आणखी घट्ट रोवून बसायचो. पडलो तर? हरवलो तर? माझी नक्कल कुणालाच करता येत नव्हती आणि त्यासाठीच तर मला बनवलं होतं. मुंबईतल्या ज्या कंपनीने ते सॉफ्टवेअर लिहिलं, तिला भीती होती, की एक जण विकत घेईल आणि दहा जण फुकट उतरवून घेतील. भीती अगदीच खोटी नव्हती. पण म्हणून माझा जन्म अविश्वासातून झाला हे काही बदलत नाही.

त्र्याण्णव साली मी भाईंदर पश्चिमेच्या एका मराठी शाळेत आलो. शाळा ज्या संस्थेची होती, तिचं मुख्य कार्यालय ठाण्याला. तिथून हुकूम निघाला होता, की यापुढे संस्थेच्या सगळ्या शाळांनी मराठीचं काम याच सॉफ्टवेअरमध्ये करायचं, दुसरं काही चालणार नाही. टाईपरायटर टेम्पोत घालून ठाण्याला नेले. शाळेत एकच मशीन, एकच लॉक आणि काम करणारी एकच बाई, सुगंधा पाईकराव.

सुगंधाबाई परभणीकडच्या. लग्नानंतर मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलेल्या. टाईपरायटरवर त्यांचा हात असा चालायचा, की शिक्षक दारात उभे राहून बघायचे. पण या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या जागाच निराळ्या. जिथे बोट सवयीने 'क' शोधायचं तिथे भलतंच अक्षर उमटायचं. बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळ्या कळा काढून घेतल्या. घरी त्यांचे यजमान, समाधानराव, पेपरातली बातमी वाचायचे आणि बाई त्या कागदावर बोटं आपटायच्या. मला हे कसं कळलं म्हणाल, तर तो कागद त्या पर्समधून आणायच्या आणि डबा खातानाही समोर ठेवायच्या. दोन वर्षं त्या तात्पुरत्या जागेवर होत्या. दिवाळीनंतर त्यांना कायम करायचं होतं. ते हेडक्लार्कच्या अहवालावर अवलंबून होतं.

हेडक्लार्क म्हणजे सुभाष दाबके. माणूस वाईट नव्हता, फक्त माझ्याइतकाच घाबरट होता. मी हरवलो तर संस्था त्यांना जाब विचारणार, म्हणून त्यांनी भिंतीवर कागद चिकटवला, 'लॉकला श्रीमती पाईकराव यांच्याखेरीज कोणीही हात लावू नये.' खाली सही आणि शिक्का. तो कागद पाहून मला जरा बरं वाटलं होतं. माझी अक्कल तेवढीच.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सहामाही परीक्षा दसऱ्यानंतरच्या सोमवारी सुरू होणार होती. सगळ्या प्रश्नपत्रिका बाईंनी टाईप करून मशीनमध्ये ठेवल्या होत्या. फुटू नयेत म्हणून छापायच्या अगदी शेवटी, शनिवारी. शिक्षकांच्या हातच्या प्रती टाईप झाल्या की मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका मृणालिनीबाई, आपल्या देखत जाळून टाकायच्या. तशी शाळेची पद्धतच होती. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी सुगंधाबाई घरच्यांबरोबर नागपूरला जात, म्हणून त्यांनी आदल्या दिवसाची रजा टाकली होती.

तो आदला दिवस खंडेनवमीचा. तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी सुतार पटाशी पुजतो, शिंपी मशीन पुजतो, मग ऑफिस तरी कसं मागे राहील? शिपाई दशरथमामा मोरवा गावातून सकाळीच झेंडूची फुलं घेऊन आले. त्यांनी पंचिंग मशीन, शिक्के, शाळेची घंटा असं सगळं पुसून पाटावर मांडलं. मग दाबके सर म्हणाले, "अहो दशरथ, खरी चीज तर मागे आहे. ती आणा पुढे." दशरथमामांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. सर हसून म्हणाले, "पूजेला काय नियम?"

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी समोर बसवलं होतं. सरांनी बोट ओलं करून मला हळद लावली, कुंकू लावलं आणि माझ्यावर अक्षता टाकल्या. मनापासून टाकल्या, हेही सांगायला हवं. त्यातला कुंकवाने माखलेला तांदळाचा एक दाणा घरंगळून माझ्या दातांच्या दोन ओळींमध्ये अडकला. मला तो टोचत होता. दशरथमामांनी मला परत मशीनच्या पाठीत दाबलं, नीट बसेना म्हणून पेचकसाने स्क्रू आवळले. दाणा आतच राहिला. माझे काही दात टेकले, काही अधांतरी राहिले.

शनिवारी अकराच्या सुमाराला सुगंधाबाई नागपूरच्या गाडीतून उतरून सामानासकट थेट शाळेत आल्या. त्यांनी मशीन लावली. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली, लॉक सापडत नाही. बाईंनी मशीन बंद करून पुन्हा लावली. तेच. मी होतो तिथेच होतो, पण सॉफ्टवेअर विचारत होतं आणि माझं उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हतं.

दाबके सर धावत फोनपाशी गेले. त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "लॉकशिवाय काही होणार नाही. आणि लॉक बिघडलं असेल तर सॉफ्टवेअर नव्याने घ्यावं लागेल." पैसे देऊन आणलेलं सॉफ्टवेअर, शाळेनेच टाईप केलेल्या प्रश्नपत्रिका, आणि शाळेलाच त्या काढता येत नव्हत्या. नवीन लॉक सोमवारच्या आत मिळणं शक्य नव्हतं.

सर फोन ठेवून वळले. "पाईकराव बाई, खरं सांगा. रजेवर जाताना लॉक काढून नेलं होतंत का?"

"मी कशाला नेऊ, सर?"

"स्टेशनजवळच्या टायपिंगवाल्यांकडे सॉफ्टवेअर आहे, लॉक नाही. दोन दिवसांसाठी लॉक मिळालं तर त्यांची चंगळ. नेमकी तुमची रजा आणि नेमकं लॉक बिघडलं. पूजेलाही थांबला नाहीत."

"सर, रजेचा अर्ज मी महिन्यापूर्वी दिलाय. दसऱ्याला आम्ही कुठे जातो ते तुम्हाला माहितीये."

"या लॉकला तुमच्याशिवाय कोणाचा हात लागत नाही. मी लिहूनच ठेवलंय. आता तुम्हीही लावू नका."

हे सगळं ऐकताना माझा जीव कासावीस झाला होता. ज्या बोटाने मला कुंकू लावलं तेच बोट आता बाईंवर रोखलेलं होतं आणि सरांना स्वतःला ते आठवतही नव्हतं. पूजा त्यांच्या हिशेबी हात लावण्यात धरलीच नव्हती. दशरथमामा दारात उभे होते. त्यांना आठवत होतं. पण त्यांची तीन वर्षंच राहिली होती निवृत्तीला, आणि साहेबांसमोर बोलायची सवय नव्हती. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. माझे दात माणसांशी बोलण्याच्या कामाचे नव्हते.

सर मोठ्या बाईंना बोलावून घेऊन आले. सुगंधाबाई तोवर मशीनच्या मागे जाऊन वाकून पाहत होत्या. हात त्यांनी पदराखाली ठेवले होते. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी स्क्रू नुसते बोटाने फिरवते. हे पेचकसाने आवळलेत. आणि कडेला हळद लागलीये." मग त्या दाराकडे वळल्या. "दशरथमामा, मला हात लावायची मनाई आहे. तुम्ही काढा. तुम्हाला येतं."

दशरथमामांनी आधी सरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. पेचकस त्यांच्याच खिशात होता. एका हाताने त्यांनी मला खालून धरलं आणि दुसऱ्याने स्क्रू सैल केले. त्यांनी मला काढून टेबलावर उताणं ठेवलं. खिडकीतल्या उजेडात माझ्या दातांमधला तो लाल दाणा सगळ्यांना दिसला.

"यो मीच काढला व्हता, बाय," दशरथमामा म्हणाले. "पूजेला. कुंकू लावला नि परत बसवला. मना वाटला, नीट बसला." कुंकू कुणी लावलं ते त्यांनी सांगितलं नाही.

बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला, पण दाण्याला लगेच हात लावला नाही. "मॅडम, तुम्ही पाहिलंत ना? सर, तुम्हीही? मग काढते." दोघांनी मान हलवली, तेव्हाच त्यांनी तो दाणा उकरून कागदावर ठेवला, माझे दात रुमालाने कोरडे केले आणि मला जागेवर बसवलं. सॉफ्टवेअरने विचारलं, लॉक आहे का? मी असा काही 'आहे' म्हणालो, की तसा आयुष्यात पुन्हा म्हणालो नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या प्रश्नपत्रिका छापून झाल्या.

इथे गोष्ट संपली असं बाईंना वाटलं. मला मात्र चैन नव्हतं, कारण शनिवारी मोठ्या बाईंना बोलवायला जाता जाता दाबके सरांनी सुगंधाबाईंविरुद्ध हाताने लिहिलेलं एक पत्र ठाण्याला जाणाऱ्या एका शिक्षकाच्या हाती दिलं होतं, ते मी पाहिलं होतं. दाणा सापडल्यावरही ते पत्र मागे घ्यायचं त्यांनी पुढे ढकललं. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं.

बुधवारी ते पत्र परत आलं. वर लाल शाईत शेरा होता, 'हस्तलिखित मजकूर स्वीकारला जात नाही. नेमून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करून पाठवावा.' मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. मग सरांना म्हणाल्या, "संस्थेत आवक नंबर पडलाय, उत्तर द्यावंच लागेल. जे खरं असेल ते टाईप करून आणा. मी दुपारी सही करीन."

शाळेत टाईप करणारी एकच बाई होती. सरांनी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. सुगंधाबाईंनी ते वाचलं. हातातला कागद त्यांनी सपाट केला. मग त्यांनी तो स्टँडला लावला आणि टाईप करायला सुरुवात केली, अक्षर न अक्षर, जसं होतं तसं. 'श्रीमती पाईकराव यांनी रजेच्या काळात लॉक बाहेरील दुकानात वापरण्यास दिल्याचा दाट संशय आहे. त्यांना सेवेत कायम करण्यापूर्वी...'

"थांबा," सर म्हणाले. "ते खोडा. मी सांगतो ते घ्या. 'सदर बिघाड काही अपरिहार्य कारणाने झाला होता.'"

बाईंचे हात उचललेले तसेच राहिले. "सर, कारण लिहिलं नाही तर संस्था परत पाठवेल."

"बरं. 'खंडेनवमीच्या पूजेसाठी लॉक काढण्यात आले होते.'"

बाईंनी ते टाईप केलं. "कोणी काढलं होतं, सर?"

दशरथमामा पाण्याचा तांब्या घेऊन आत येत होते, ते दारातच थांबले. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, आता हा माणूस दशरथमामांचं नाव घेणार, एवढ्यावर तो सुटतो. दशरथमामांनाही तेच वाटलं असावं, त्यांनी मान खाली घातली.

"लिहा," दाबके सर म्हणाले. "'ते माझ्या सांगण्यावरून काढण्यात आले. त्यावर अक्षता मी स्वतः वाहिल्या. श्रीमती पाईकराव तेव्हा रजेवर होत्या. त्यांच्यावर घेतलेला संशय चुकीचा होता आणि तो माझा होता.'"

बाईंनी शेवटचा पूर्णविराम दिला आणि छापायला दिलं. ती प्रत्येक ओळ माझ्यातून प्रिंटरकडे गेली. त्या दिवशी मी कुणालाही अडवत नव्हतो, याचं मला फार बरं वाटलं. बाईंनी दोन प्रती काढल्या. एक ठाण्याला गेली. दुसरी घडी घालून त्यांनी पर्समध्ये ठेवली. दिवाळीनंतर त्या कायम झाल्या.

पुढे चार-पाच वर्षांनी संस्थेने सॉफ्टवेअर बदललं. पुन्हा हुकूम, पुन्हा कळांच्या नव्या जागा. ती मशीन भंगारात गेली. आमच्या काळातल्या प्रश्नपत्रिका, निकाल, स्नेहसंमेलनाची पत्रकं फ्लॉप्यांमध्ये कपाटात पडून आहेत. माझ्यावाचून त्या उघडत नाहीत आणि मला लावायला आता कुठे जागा नाही. मी त्याच कपाटात आहे.

मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. साऱ्या शाळेचं काम एकाच कुलपावर टांगून ठेवू नका, आणि ठेवलंत, तर त्याची सगळी भीती एका माणसाच्या डोक्यावर टाकू नका. काही अडलं तर माणसावर बोट रोखण्याआधी वाकून, जवळ जाऊन पाहा. आमच्या त्या वर्षांतलं काहीच आज कुणाला वाचता येत नाही. सुगंधाबाईंच्या घरी एक कागद आहे, तेवढा मात्र कुणालाही वाचता येतो.