दोन बोटं लाकूड

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. जुनी म्हणालात तर कबूल, मोडकी म्हणालात तर ऐकून घेणार नाही. माझा एक स्क्रू ढिला नाही, अंगावर गंजाचा ठिपका नाही. भिंतीवर टांगलेली आहे खरी, पण टांगून घ्यायची हौस माझी नव्हती. ती कुणाची होती ते सांगते. त्याआधी एक ऐकून ठेवा. मी खेळणं नाही. मला हातात घेणाऱ्याने पहिल्यांदा मला मधोमध उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, मग काय ते बोलायचं. एवढंही न कळणाऱ्याला माझा धनी सिक्स्टेन घरात कॉफी देत नसे.

माझा जन्म खाली दक्षिणेत, नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. पोलाद आमच्याच देशाचं. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, तो अक्रोडाचा. ते लाकूड उन्हाच्या मुलखातून आलं होतं आणि कित्येक वर्षं नुसतं माळ्यावर वाळत पडलं होतं. मग एका म्हाताऱ्या कारागिराने ते उचललं, बोटाने वाजवून पाहिलं आणि मान डोलावली. तेव्हा कुठे त्याला पटाशी लागली. हल्लीच्या लोकांना कॉफी उकळेपर्यंत दम निघत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

तिथून मला पाठवलं उत्तरेला, तळ्याकाठच्या गावातल्या बंदुकांच्या दुकानात. एके दिवशी सिक्स्टेन आला. लाकूडतोड्या माणूस, वय विशीचं, आयुष्यातली पहिली बंदूक घ्यायला आलेला. उंची अशी की दुकानाच्या दारातून वाकून आत यावं लागलं. त्या वेळी दुकान आताच्या दुकानदाराच्या, होल्गरच्या, बापाचं होतं. त्याने सिक्स्टेनला सांगितलं, "नक्षी बघू नकोस. डोळे मीट, बंदूक खांद्याला लाव, मग डोळे उघड. नजर सरळ नळीवरून गेली तर ती तुझी. नाही गेली तर दुसऱ्याची."

सिक्स्टेनने डोळे मिटून सगळ्या बंदुका लावून पाहिल्या. सगळ्या आखूड. प्रत्येकीच्या वेळी त्याचा अंगठा नाकाला भिडायचा. मीही आखूडच पडले. पण मला खाली ठेवताना त्याचा हात जरा रेंगाळला. ते दुकानदाराने पाहिलं आणि मला परत कारखान्यात धाडलं. दोन बोटं लांब असा नवा दस्ता लावून मी पुन्हा आले. या वेळी सिक्स्टेनने डोळे मिटले, उघडले, आणि काही न बोलता मला काखेत घेऊन घरी गेला.

माझी उमेदीची वर्षं ती. शरद ऋतू आला की बर्चच्या झाडांची पानं पिवळी पडायची आणि आम्ही पहाटे निघायचो. पुढे कुत्रा, मागे सिक्स्टेन, त्याच्या हातात मी. झाडावर काळा रानकोंबडा बसला की कुत्रा खालून भुंकत राहायचा. सिक्स्टेन बार काढायची घाई कधी करत नसे. पक्षी नीट दिसला नाही तर आम्ही हात हलवत परत यायचो, आणि त्याची त्याला लाज वाटत नसे. रविवारी गावामागच्या जुन्या खडीच्या खाणीत तबकड्या उडवायचो. बशीएवढी मातीची तबकडी यंत्रातून सुसाट सुटते, तिला हवेतच फोडायचं. मी आणि सिक्स्टेन उभे राहिलो की बाकीची मंडळी कॉफीचे पेले खाली ठेवायची. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

घरी आलं की तो स्वयंपाकघरातच मला पुसायचा, तेल लावायचा. त्याची बायको गुन्वर समोर बसून पक्ष्यांची पिसं काढायची. तिचं तोंड माझ्या दोन्ही नळ्यांपेक्षा तिखट.

"हिच्या अंगाला रोज तेल. माझे हात फाटलेत ते दिसतात का कुणाला?"

"तुला लावतो की. ये इकडे."

"बंदुकीचं? नको. उद्या मलाही कपाटात उभी करशील."

मग दोघं हसायची. मी मनात म्हणायची, बोल बाई, बोल. रानात तर मीच जाते ना.

पुढे सिक्स्टेनची नजर अंधूक झाली. त्याने मला शेवटचं तेल लावलं, लोखंडी कपाटात उभं केलं आणि किल्ली फिरवली. कपाटात शेजारी मोठ्या हरणांच्या शिकारीची रायफल होती, तिच्याशी माझं कधी जमलं नाही. पण सिक्स्टेन गेला तेव्हा ती पुतण्याच्या घरी गेली, आणि मी एकटी उरले. तेव्हा कळलं की न जमणारं माणूससुद्धा शेजारी असावं. आत उजेड नाही, वारा नाही. बाहेर कुत्रा भुंकला की वाटायचं, आता किल्ली फिरेल. पुढे कुत्राही भुंकेनासा झाला.

आमच्याकडे कायदा असा आहे की माणूस गेला तर त्याची बंदूक वर्षाच्या आत कुणाच्या तरी नावावर व्हायला हवी. नाही तर ती पोलिसांकडे जाते आणि तिथून भट्टीत. तिसरी वाट म्हणजे आठवण म्हणून घरात ठेवायची. पण मग तिच्या नळ्या कायमच्या बुजवून घ्यायच्या. भट्टी, बुजवणं, नाही तर नवा धनी. कपाटात उभी राहून मी याच तीन वाटांचा विचार करत असे.

वसंतात किल्ली फिरली. दारात गुन्वर, आणि तिच्यामागे तिची नात तूवा. तूवा नुकतीच शिकारीची परीक्षा पास झाली होती आणि तिला तिची पहिली बंदूक घ्यायची होती. रानातही चालेल आणि तबकड्यांनाही चालेल, अशी एकच.

"एकच पाहिजे ना? मग ही घे," गुन्वर म्हणाली. "आजोबाने हिच्यावर दोन्ही केलं. दुकानात जाऊन कशाला तोंड वेंगाडायचं?"

"मला हीच हवी होती, आजी. मागायला धीर होत नव्हता."

मित्रांनो, त्या पोरीने मला उघडून आधी नळ्या तपासल्या. मला धनी मिळाला, असं मी त्याच क्षणी धरून चालले.

रविवारी आम्ही खाणीत गेलो. होल्गर आला होता. दुकान आता तोच बघतो. बर्फ वितळत होता आणि थंडी बोचत होती, म्हणून तूवाने जाड कोट घातला होता. गुन्वर घडीची खुर्ची टाकून, कॉफीचा थर्मास मांडीवर घेऊन बसली. तूवा "हं" म्हणाली, तबकडी सुटली, बार झाला. तबकडी आपली सुखरूप गवतात जाऊन पडली. पुढचीही तशीच, त्याच्या पुढचीही. मी वर येताना दर वेळी तिच्या काखेत अडकत होते.

"डोळे उघडे ठेवायचे असतात, बाळ," गुन्वर खुर्चीवरून म्हणाली.

"उघडेच आहेत, आजी. मला नळीची नुसती पाठ दिसतेय."

"पोरीचा दोष नाही, काकू," होल्गर म्हणाला. "दस्ता लांब पडतोय. बंदूक खांद्यात बसायला हवी, ती दंडावर बसतेय. गाल मागेच राहतो, मग नजर कुठून जाणार?"

"सिक्स्टेनचा बरा पोचायचा."

"सिक्स्टेनकाका माझ्या दारातून वाकून यायचे. तूवाने उडी मारली तरी तिचं डोकं चौकटीला लागणार नाही." मग तो तूवाकडे वळला. "कोट काढ. एकदाच."

तिने कोट काढला. नुसत्या पातळ सदऱ्यावर, कुडकुडत, तिने मला उचललं. कोटाची जाडी गेली तशी मी खांद्यात जरा तरी नीट बसले. "हं." तबकडी सुटली, आणि हवेतच तिचा काळा धूर झाला. कित्येक वर्षांनी मी काही फोडलं होतं. तूवा हसली. होल्गर हसला. गुन्वरने थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं.

"बघा," होल्गर म्हणाला. "आता थंडीत काही ती सदऱ्यावर शिकार करणार नाही. दोन बोटं कापली की काम झालं. दुपारी आणा, संध्याकाळी घेऊन जा."

"काय कापलं की?"

"दस्ता. मागून."

"सिक्स्टेनचा दस्ता?"

"लांबही त्यांच्यासाठीच करवून घेतला होता ना, काकू? आता तूवासाठी..."

"बंदुकीला माणूस बसवायचा असतो. माणसाला बंदूक नाही," गुन्वर म्हणाली, आणि खुर्ची मिटली.

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. कापा म्हणाले असते. लाकडाला काही दुखत नाही. कारखान्यात मला किती वेळा कापलं, तासलं, घासलं, तेव्हाच तर मी कुणाच्या तरी कामाची झाले. पण बंदुकीला बोलायची एकच तऱ्हा येते, आणि ती अशा वेळी उपयोगाची नसते.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दुकानात गेलो. गुन्वर मला कुशीत धरून आली होती. होल्गरने तूवासमोर एक नवी बंदूक ठेवली. नळ्या शेजारी शेजारी नाहीत, एकीवर एक. अंगावर तेलाचा नवा वास.

"पहिली म्हणून बरी," तो म्हणाला. "फार हलकी घेतलीस तर तबकड्यांच्या दिवशी खांदा सुजेल, फार जड घेतलीस तर रानात हात गळतील. ही मधली आहे. हिला शिशाऐवजी आलेले नवे लोखंडी छर्रेही चालतात. डोळे मीट आणि लाव."

तूवाने डोळे मिटून लावली आणि उघडले. मला दिसलं. तिची नजर सरळ नळीवरून गेली होती.

"ही कुणाची?" गुन्वरने विचारलं.

"कुणाचीच नाही, काकू. नवी आहे."

"म्हणजे अनाथ."

"आणि त्या जुन्या बंदुकीचं काय करायचं?" होल्गरने हळूच विचारलं. "कापायची असेल तर करवत तयार आहे."

गुन्वरचा तळहात माझ्या दस्त्यावर होता, जिथे सिक्स्टेनच्या गालाने लाकूड घासून काळं गुळगुळीत झालं होतं तिथे. अंगठा त्या जागेवर फिरत होता. आपण काय करतोय हे तिलाही ठाऊक नसावं. तूवा त्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

मग म्हणाली, "नको, आजी. मला ही नवीच आवडली. जुनी फार जड आहे."

मित्रांनो, मी त्या नवीपेक्षा हलकी आहे. चांगलीच हलकी. होल्गरला ते पक्कं ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलं, तूवाकडे पाहिलं, आणि फडकं घेऊन कोरडं टेबल पुसायला लागला.

"हल्लीच्या मुलींच्या दंडात जोर नाही," गुन्वर म्हणाली. पण आवाज असा मोकळा झाला होता की जणू कुणी तिच्या छातीवरचा धोंडा उचलला. तो धोंडा कुठे ठेवला हे तिला कोण विचारणार?

होल्गरने माझ्या नळ्या पोलाद ठोकून बुजवल्या. काम चोख केलं, नावं ठेवायला जागा नाही. गुन्वरने मला बैठकीत सोफ्याच्या वर टांगलं. पहिले काही दिवस येणारा जाणारा थांबून बघायचा, काय सुंदर लाकूड आहे म्हणायचा. नंतर लोक माझ्याखाली बसून हवापाण्याचं बोलायला लागले. सगळ्यांच्या मधे टांगलेली असून मी कपाटात होते त्याहून एकटी झाले. कपाटात निदान किल्लीची वाट तरी पाहता येत होती.

शरद ऋतू आला. तूवा नवी बंदूक आणि नवं पिल्लू घेऊन सुट्टीला आली. पहाटे ती निघाली ते मी खिडकीतून पाहिलं. दुपारी डोंगराकडून एक बार ऐकू आला. नेमका, घाई नसलेला. आजोबाचा हात, मी म्हटलं.

गुन्वरनेही तो ऐकला. हातातलं विणकाम ठेवून ती उठली, स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं. उघडून आत पाहिलं. बुजलेल्या नळ्यांतसुद्धा पाहिलं. सिक्स्टेनचं बघून बघून तेवढं तिच्या अंगात भिनलं होतं. मग ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, तिने डोळे मिटले आणि मला खांद्याला लावलं. तिला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं. ज्या जागी त्याचा गाल टेकायचा तिथे तिला आपला गाल ठेवायचा होता.

गाल पोचला नाही. तिने मान ताणली. पुन्हा लावून पाहिलं. स्वेटर काढून पाहिला. दस्ता तिच्या काखेत अडकत होता, आणि तिचा सुरकुतलेला गाल त्या गुळगुळीत जागेच्या अलीकडेच, कोऱ्या लाकडावर टेकत होता. दोन बोटं अलीकडे.

मग मला सोफ्यावर ठेवून तिने फोन लावला. तिला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा असतो, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू आलं.

"होल्गर, तो दस्ता आता कापता येईल का रे?"

"येईल की, काकू. पण नळ्या बुजवल्या त्या बुजवल्या. तूवाला आता तिचा उपयोग नाही."

"तूवासाठी कुठे म्हणतेय मी?"

"मग कुणासाठी?"

गुन्वरने माझ्याकडे पाहिलं.

"कुणासाठी नाही," ती म्हणाली. "कॉफीला ये कधीतरी."

तिने फोन ठेवला, स्वेटर घातला आणि मला परत टांगलं. संध्याकाळी तूवा रानकोंबडा घेऊन आली. दोघी स्वयंपाकघरात पिसं काढत बसल्या. गुन्वर त्या पिल्लाला नावं ठेवत होती, तूवा हसत होती. नव्या बंदुकीच्या दारूचा वास बैठकीपर्यंत आला. मला त्या बंदुकीचा राग नाही. तिला न्यायला कुणीतरी आहे, एवढंच.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचं तरी काही असेल. आजोबांचं घड्याळ, आत्याचं शिवणयंत्र, आईची साडी. ते जसंच्या तसं ठेवू नका. पट्टा बदला, पायडल दुरुस्त करा, साडी फाडून झबली शिवा. गेलेल्या माणसाच्या मापाने वस्तू ठेवली तर ती त्याच्याही कामाची राहत नाही आणि तुमच्याही. उद्या कुणी करवत घेऊन आलं आणि तुमच्या आजीचा हात आडवा आला, तर तिच्याशी भांडू नका. तिचा हात धरा, त्या लाकडावरची जागा तिला दाखवा, आणि सांगा की कापायचं ते मागून कापायचं आहे, गालाची जागा आहे तिथेच राहणार आहे. गुन्वरला एवढं कुणी सांगितलं नाही. मला सांगता आलं नाही.