राष्ट्राध्यक्षांची झोळी

फालेसीच्या पेटीत आजवरचे सगळे राष्ट्राध्यक्ष घड्या घालून ठेवलेले होते, आणि नवा त्या दिवशी सकाळी ट्रकमधून आला. गावातल्या बाया रांगेत उभ्या राहून साहेबापुढच्या नाचासाठी आपापलं कापड घेत होत्या. रंग नवा, पक्ष नवा, मधोमध नव्या साहेबाचा छापलेला हसरा चेहरा. कमरेला गुंडाळताना तो चेहरा बुडाखाली येऊ नये म्हणून बाया जिवापाड जपायच्या, कारण पूर्वी त्यावरून चौकशी लागून भल्याभल्यांची बोबडी वळली होती. फालेसीने कापड काखेत मारलं आणि सावलीला जाऊन बसली. स्वातंत्र्याच्या वर्षी ती पोरसवदा होती. तेव्हापासून ती या राष्ट्राध्यक्षांपुढे नाचत होती. येईल तो हेलिकॉप्टरने यायचा, नदीकाठी पुलाच्या पायाचा दगड बसवायचा आणि राजधानीत, लिलाँग्वेला परत जायचा. पुढे ये रे माझ्या मागल्या! आता त्या दगडांवर बाया धुणं आपटत.

या वेळी नाचायचं नाही असं तिने ठरवलं होतं. गुडघे गेले होते, आणि खरं सांगायचं तर मनही उडालं होतं. पण नात एनेलेसचे दिवस भरले होते आणि नदी चढायला लागली होती. दवाखाना पलीकडे. एनेलेसची आई, म्हणजे फालेसीची लेक, अशीच बाळंतपणात, अलीकडच्या काठावर पाणी उतरायची वाट बघत गेली.

गावचा मुखिया झेफनिया मनधरणी करायला आला. वारा येईल तशी पाठ फिरवणारा माणूस, पण वाईट नव्हता. तुम्ही गाणं उचललं नाही तर एकीचाही पाय हलणार नाही, आई, असं तो काकुळतीने म्हणाला.

"गाईन," फालेसी म्हणाली. "पण कांडणाचं गाईन."

झेफनियाचा चेहरा पडला. उखळात मका कांडताना बाई जे गाते, त्याबद्दल तिला पंचांपुढे उभं करता येत नाही, ही तिथली जुनी रीत. सून सासूला, बायको नवऱ्याला, सगळं त्या गाण्यातच सुनावते. एरवी तोंड उघडायची सोय नसे. पण थेट राष्ट्राध्यक्षांना असं कुणी सुनावलं नव्हतं.

दुपारी साहेबाचं हेलिकॉप्टर उतरलं, ढोल वाजला. फालेसी पुढे झाली.

"दगड खाल्लास, पूल खाल्लास, बाबा, अजून भूक आहे का?
लेक माझी नदीने नेली, नात तरी ठेवशील का?"

एकेक करून सगळ्या बायांनी पालुपद धरलं. झेफनिया जमिनीकडे बघत राहिला. साहेब याच भागातला, त्याची आईही कांडताना हेच गायलेली. शब्द न् शब्द त्याला कळल्याचं फालेसीने त्याच्या तोंडावर वाचलं. आता तरी लाज वाटेल, तिला वाटलं.

त्याने कोट काढला, मंचावरून खाली उतरला आणि तिच्याच गाण्यावर, तिच्यासमोर, झकास नाचला. लोक बेभान झाले. फालेसीने मात्र गाणं तिथेच सोडलं. कारण रीतीला दुसरी बाजूही होती: ज्याच्यावर गाणं, तो त्यावर नाचला की तक्रार फिटली, मनात काही ठेवायचं नाही. तेही त्याला पक्कं ठाऊक होतं. मग त्याने दगड बसवला आणि गेला.

ऊन कलायच्या आत एनेलेसला कळा सुरू झाल्या. डोंगरात पाऊस झाला होता, पाणी छातीला लागत होतं. गोऱ्यांच्या राज्यात फालेसीचा बाप साहेबाला झोळीत घालून हीच नदी पार करवायचा, बूट भिजू नयेत म्हणून. तिने पेटी उघडली. सगळी कापडं एकावर एक घातली, टोकांना गाठी मारून बांबूला बांधली. नवं सगळ्यात वर आलं.

एनेलेस त्या कळांतही थबकली. "आजी, साहेबाच्या तोंडावर बसू?"

"बस गं बाळा. जन्मभर आपण यांना वाहिलं. एक दिवस त्यांनी आपल्याला वाहू दे."

पुढचा खांदा झेफनियाने दिला, मागचा गावातल्या एका पोराने. फालेसी बांबू धरून पाण्यात उतरली, आणि मधल्या धारेत तिने देवाचं नाव घेतलं की शिव्या घातल्या, ते तिचं तिलाच आठवत नाही. पोहोचले मात्र सगळे. दवाखान्याच्या ओट्यावर, दारातच, एनेलेसला मुलगी झाली. दोघी धडधाकट.

पाणी उतरल्यावर ते घरी परतले. फालेसीने कापडं धुतली आणि पुलाच्या नव्या दगडावर वाळत घातली. शेजारीण बाळाला हातात घेऊन कौतुक करत होती, काय खणखणीत आवाज आहे म्हणे, तुमच्यामागे पुढच्या साहेबांपुढे हीच गाणं उचलणार. पलीकडे जाईपर्यंत फालेसीच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता मात्र ती त्या दगडाशी बसून ढसाढसा रडली.