पाण्यावरचा लाल ठिपका

हेमंतातली सकाळ सोनबोडीवर उतरते तेव्हा आधी येतं धुकं. दुधाळ, दवभारलं, दिशा हरवलेलं धुकं. ते पाण्यावर पसरतं, पाळीवरच्या मोहाच्या झाडांना कमरेपर्यंत लपेटतं, आणि मग मागून, गावाकडून, पूर्वेची पहिली केशरी रेघ येते. धुकं विरतं, पाणी उजळतं. आधी राखाडी, मग जांभळं, मग निळं. पलीकडची टेकडी शेवटी जागी होते, कारण ती मुळातच आळशी आहे.

विदर्भाच्या झाडीपट्टीत छोट्या तलावाला बोडी म्हणतात. ही नुसती नावाची बोडी. पसारा असा की या तीरावरून हाक मारली तर त्या तीरावर पोचायच्या आधीच ती पाण्यात विरघळून जाते. इकडचा आवाज तिकडे जात नाही. जातो तो फक्त उजेड, आणि उजेडाबरोबर माणसाचा हललेला हात.

या पाळीवर, सांडव्याजवळच्या चपट्या दगडावर, रोज सकाळी एक बाई उभी असते. पुष्पलताबाई रहांगडाले, शाळेत गणित शिकवतात. मुलगा प्रज्वल नोकरीला पुण्यात गेला, जाताना नवा कॅमेरा घेऊन गेला आणि जुना आईपाशी ठेवून गेला. घर रिकामं झालं आणि हात भरले. तेव्हापासून शाळेची घंटा व्हायच्या आधीची सकाळ बाईंनी या दगडाच्या नावे करून टाकली.

दगड तोच, जागा तीच, चौकट तीच. डाव्या हाताला मोहाची झुकलेली फांदी, उजव्या हाताला टेकडीचा उतार, मधे पाणी. बदलायचं ते ऋतूंनी बदलावं, बाई बदलणार नाहीत.

आणि ऋतू बदलत होते. ग्रीष्मात पाणी आक्रसून मधोमध जाई, तळाची माती भेगाळे, भेगांतून उन्हाच्या झळा थरथरत वर येत. श्रावणात सर येई, ऊन येई, पुन्हा सर येई, बाई पदराने भिंग पुसत आणि आभाळाला वर्गातल्या पोरासारखं दटावत, "आधी ठरव काय ते!" शरदात पाणी नितळे, शिंगाड्याच्या वेलींची हिरवी-तांबडी पानं नक्षीसारखी पसरत, कमळं उमलत. हेमंतात धुकं, शिशिरात पानगळ, आणि वसंतात मोह फुलला की वास इतका दाट की तो फोटोत येत नाही याचं बाईंना खरोखर वाईट वाटे.

सगळं सुरेख. सगळं नेमकं. फक्त मधे एक लाल ठिपका.

ठिपका म्हणजे एक माणूस. पलीकडच्या ढिवरटोलीतला, मासेमारांच्या वस्तीतला असावा. डोक्याला लाल शेला, खाली काळाभोर लाकडी डोंगा, एका खोडाची होडी. कधी जाळं घेऊन, कधी शिंगाडे तोडत, वाकलेला, निवांत, संथ. तोंड नेहमी बाईंकडे, म्हणजे उगवतीकडे, पाठ टेकडीकडे. आणि जागा कुठली? चौकटीच्या अगदी मधोमध. एवढा मोठा तलाव पडलेला, पण नाही. त्याला जणू तिथेच कुणीतरी खुंटा ठोकून दिला होता.

"आई, फोटो झकास," प्रज्वल फोनवर म्हणाला होता, "पण मधे ते लाल काय आहे? जेवणात केस आल्यासारखं वाटतंय."

झालं. बाईंच्या डोक्यात ते केसासारखंच अडकून बसलं. बेरीज-वजाबाकीत आयुष्य गेलेल्या बाईला नको ते वजा करता येईना म्हणजे काय! एका शरदातल्या सकाळी त्यांनी कॅमेरा गळ्यात सोडला, उजवा हात उंच केला आणि झाडला. जरा बाजूला व्हा, अशा अर्थाने.

पाण्यावरचा माणूस थबकला. त्याने हातातला वेल सोडला, डोंग्यात ताठ उभा राहिला, आणि आपलाही हात उंच करून हलवला. मग पुन्हा वाकला आणि शिंगाडे तोडू लागला. तिथेच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा हात झाडला. त्याने पुन्हा हात हलवला. तिसऱ्या सकाळी बाई दगडावर चढायच्या आत त्यानेच हात हलवला, आणि डोंगा वल्हवून आणखी थोडा मधे आणून ठेवला. बाई कपाळाला हात लावून खाली बसल्या.

मग हे रोजचंच झालं. बाई वैतागून हात झाडायच्या, तो हौसेने हात उंचावायचा. बाई घरी येऊन फोटो कापायच्या, लाल ठिपका बाहेर टाकायच्या, टाकताना अर्धं पाणीही जायचं. हळूहळू कंटाळून कापणं थांबलं. हात झाडणंही ढिलं पडलं. कधीकधी तो झाडलेला हात आहे की हलवलेला, हे बाईंचं बाईंनाच सांगता आलं नसतं.

मग पौषातली ती सकाळ आली.

त्या सकाळी धुकं नव्हतं. वारा नव्हता. पाखरं नव्हती. टेकडीमागून एक मेघ वर चढत होता, जडशीळ, काजळगर्भ, कडांना शिसवी. आणि गावाकडून उगवतीचं ऊन तिरपं येऊन नेमकं पाण्यावर पडलं होतं. मागे काळोख, पुढे तांबं. काळोखावर कोरलेली मोहाची फांदी, आणि फांदीखाली लखलखणारं, निश्चल, तप्त ताम्रजळ. असा उजेड बाईंनी इतक्या सकाळींत पाहिला नव्हता.

आणि मधोमध लाल शेला.

आज नको. आजच्या दिवस तरी नको! बाईंनी दोन्ही हात वर केले आणि जीव खाऊन झाडले. जा. बाजूला जा. दूर जा. त्याने मान वर केली. हात हलवला नाही. तो बाईंकडे बघत राहिला, मग मागे वळला, आणि घाईघाईने वल्हं मारत वेलींच्या आडून पलीकडे निघून गेला. बाईंनी तो कुठे गेला ते पाहिलं नाही. त्या चौकटीत पाहत होत्या.

पाणी रिकामं झालं. बटण दाबलं गेलं. आयुष्यातला सर्वांत देखणा फोटो निघाला.

बाई घराच्या फाटकाशी पोचतात न पोचतात तोच पहिली गार पत्र्यावर आदळली. मग दुसरी, मग असंख्य. लिंबाएवढ्या, शुभ्र, कठोर, आंधळ्या गारा. वाऱ्याने झाडं पिळून काढली. दाराची कडी धरून बाई उभ्या होत्या आणि फोटो बिघडायच्या आत निघाल्याबद्दल स्वतःवर खूश होत्या.

पाण्यावरच्या माणसाची आठवण त्यांना दुसऱ्या दिवशी झाली. म्हणजे दगडावर चढल्यावर, समोर पाहिल्यावर.

शिंगाड्याच्या पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. त्या चिंध्यांमधे, चौकटीच्या अगदी मधोमध, डोंगा तरंगत होता. पालथा. काळी ओली पाठ वर करून, हळूहळू स्वतःभोवती फिरत. आसपास कुणी नव्हतं. लाल काहीच नव्हतं.

बाईंनी कालचा फोटो उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला. पाणी, पाणी आणि पाणी. जे वजा करायला इतके दिवस धडपडल्या, ते नीट वजा झालं होतं. मी घालवलं त्याला, बाईंच्या मनात आलं. तो सुखाने काम करत होता आणि मी त्याला हाकललं. कुठे हाकललं, तेही पाहिलं नाही.

त्या पाळीवरून चालू लागल्या. शाळा राहिली, डबा राहिला. वाटेत सोललेली झाडं होती, आडवं झालेलं गवत होतं, पंख पसरून पडलेला एक बगळा होता. आभाळ मात्र धुतलेलं, निरभ्र, निर्लज्ज निळं होतं. ज्या फांद्या, जी वळणं त्यांनी ऋतूंमागून ऋतू दगडावरून पाहिली होती, त्या सगळ्या फांद्यांखालून, त्या सगळ्या वळणांवरून त्या गेल्या, आणि कॅमेरा एकदाही डोळ्याला लागला नाही. एकच विचार पायांना टोचत होता. टोलीत जाऊन विचारायचं तरी काय? त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरासुद्धा ठाऊक नव्हता.

टोलीच्या तोंडाशी एक म्हातारी फुटक्या कवेलूंचे, म्हणजे कौलांचे तुकडे टोपलीत भरत होती. घराघरापुढे तसेच ढीग होते. गारांनी एकही छप्पर सोडलं नव्हतं. बाईंनी कॅमेरा पुढे केला. त्यात शरदातली एक जुनी सकाळ होती, निळं पाणी आणि मधे लाल ठिपका.

म्हातारीने डोळे बारीक करून पाहिलं, आणि तिचे उरलेले सगळे दात दिसले.

"हा त आमचा बुढा हाय जी!"

"ते... आहेत ना?" बाईंचा आवाज फाटला.

"नसन त जाईन कोठी? तो का, छपरावर कवेलू फेरून रायला." आणि मान वर करून तिने हाक मारली, "अवो, खाली या! तुमच्या हातवाल्या बाई आल्या!"

छपरावर, निळ्या आभाळात, लाल शेला हलला.

बाई तिथेच ओट्यावर बसल्या. छातीवरची शिळा कुणी उचलावी तसं झालं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्या हसू लागल्या, आणि हे दोन्ही थांबवायचं कसं ते त्यांना कळेना. म्हातारीने, तिचं नाव फुलवंता, तांब्याभर पाणी आणून त्यांच्या हाती दिलं.

डोमाजी वलथरे शिडीवरून उतरले. जवळून पाहिलं तर सुरकुत्यांचा, मिश्कील, मातीच्या रंगाचा चेहरा. त्यांनी आधी बाईंना हात जोडले.

"काल तुमी वाचवलं बाई मले."

"मी?"

"मी आपला खाली मान घालून शिंगाडे तोडून रायलो. आभाळ पाठीमागं, मले काय दिसते? तुमी दोनी हात केले. रोज त एकच करता. मनलो, काही तरी हाय. मागं पायतो त सारं काराकुट्ट! निघालो तसाच. घरात पाय ठेवला अन् गारा. डोंगा मंग वाऱ्यानं तोडून नेला, पण डोंग्याचं काय, पालथा झाला त सोजा करता येते. मी असतो त्यात, त डोक्स राहते का?"

बाईंनी तांब्या खाली ठेवला. हे मान्य करून उठणं किती सोपं होतं! आदर मिळत होता, आशीर्वाद मिळत होता, वर शिंगाडेही मिळाले असते. पण चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर आलं तर गुण द्यायचे नाहीत, हे त्यांनीच जन्मभर पोरांना सांगितलं होतं.

"डोमाजी," त्या म्हणाल्या, "मी सावध करत नव्हते हो. आभाळाकडे माझं तसं लक्षच नव्हतं. तुम्ही फोटोत येत होता. बाजूला व्हा म्हणून हात करत होते."

"काल?"

"काल. आणि रोज."

डोमाजींनी बायकोकडे पाहिलं. बायकोने डोमाजींकडे पाहिलं. छपरावरून एक कवेलू घसरून पडला.

"म्हंजे मी रोज हात हालवतो..."

"तो नमस्कार नव्हता."

"अन् मी टोलीत सांगून रायलो का शाळेच्या बाई मले रोज नमस्कार करते!"

आणि डोमाजी हसले. पोट धरून, भिंतीला टेकून, शेला डोळ्यांना लावून हसले. फुलवंताबाई हसल्या, शेजारच्या घरातून उगाचच कुणी हसलं. हसता हसता त्यांनी कालचा फोटो पाहायला मागितला. काळा मेघ, तांबडं पाणी. फुलवंताबाईंनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"यात त कोणीच नाई," त्या म्हणाल्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "काल तेच आवडलं होतं."

बाई निघाल्या. पदरात शिंगाडे होते. ते नको म्हणणं जमलंच नाही. डोमाजी पाळीपर्यंत सोडायला आले, आणि परत फिरताना गालात हसून त्यांनी विचारलं, "मंग बाई, आता बाजूले होऊ का मदातच येऊ?"

"मधेच या," बाई म्हणाल्या. "अगदी मधे."

डोंगा दुरुस्त व्हायला वेळ लागला. तोवर सोनबोडी रिकामी होती आणि बाई दगडावर नुसत्या बसून असत. मग माघातल्या एका सकाळी धुकं उतरलं, पसरलं, विरलं. पाणी राखाडी झालं, जांभळं झालं, निळं झालं. आळशी टेकडी जागी झाली. आणि वेलींच्या आडून, संथ, निवांत, काळा डोंगा आला. मधोमध थांबला. त्यात लाल शेला ताठ उभा राहिला आणि त्याने हात उंचावला.

बाईंनी कॅमेरा एका हाताने डोळ्याला लावला, कारण दुसरा हात रिकामा नव्हता.

"आई, हा फोटो हललाय," संध्याकाळी प्रज्वल म्हणाला. "टेकडी तिरकी आहे, वरच्या कोपऱ्यात कुणाची तरी बोटं आली आहेत, आणि मधला तो लाल ठिपका अजून आहेच. कापू का मी?"

"नको रे," बाई म्हणाल्या. "बोटं माझी आहेत. आणि ते डोमाजी आहेत."

फोटो तसाच राहिला. तिरकी टेकडी, निळं पाणी. पाण्यावर उंचावलेला एक इवला हात, आणि त्याला अलीकडच्या तीरावरून हललेला दुसरा.