खुब्याला करंट

क्लीटसचेट्टन, म्हणजे क्लीटसदादा, केरळातल्या नींडकराच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचे. मानेत कॅन्सरची गाठ झाली, ती आवाजाच्या शिरेवर बसली आणि उरली ती नुसती फुसफुस. घेणाऱ्यांना ती ऐकूच जाईना, तेव्हा बोटवाल्यांनी दुसरा माणूस धरला. माझ्या मशीनखाली आले तेव्हा त्यांना एकच हवं होतं, आवाज. आणि डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं होतं ते उजव्या खुब्याला. रेडिएशनला आमच्याकडे सगळे करंटच म्हणतात.

"मी खुब्याने ओरडतो काय गं, श्रीलेखा? करंट मानेला दे."

"मानेला पूर्वीच भरपूर दिलाय, चेट्टा. आणखी दिला तर मान भाजून निघेल. आजार खुब्यात उतरलाय, तिथं दुखतंय, म्हणून खुबा."

"खुब्याचं मी बघून घेतो."

ही हुज्जत रोजची. त्यात करंटची नेमकी जागा कळावी म्हणून मी खुब्यावर काढलेल्या खुणा ते घरी खोबरेल चोळून पुसून यायचे. मी काही गोड स्वभावाची नाही. त्यांच्या बायकोला, मर्सलीनचेचीला, चांगलं खडसावलं.

"मी काय करू?" चेची म्हणाली. "यांचा आवाज गेला, हट्ट कुठे गेलाय?"

प्रतिकारशक्ती जागी करणारं इंजेक्शनही त्यांना बरेच महिने चालू होतं. गाठ त्याला दाद देत नव्हती. करंट संपला, खुब्याचं दुखणं उतरलं, ते घरी गेले. आवाज परत येईल असं आमच्यात कुणालाच वाटत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटायचं.

काही महिन्यांनी तपासणी झाली, तर मानेतली गाठ निम्म्याहून लहान. डॉक्टर अंबिकांनी दोघांना समजावलं. करंटने खुब्यातल्या पेशी फुटल्या, त्यांचे तुकडे रक्तातल्या शिपायांच्या हाती लागले, त्यांना चोराचा चेहरा कळला. इंजेक्शनने ते आधीच चेकाळलेले, मग मानेतल्या चोरावरही धावले. तसं झालं असावं. पण हे क्वचितच घडतं, कधी करंटने शिपाईच मरतात, आणि पुढचं काही सांगता येत नाही.

चेट्टन फुसफुसतच "बरं" म्हणाले. सवयच झाली होती. पटलं मात्र काहीच नव्हतं, कारण तिथून ते तरातरा माझ्याकडे आले.

"खोटं कशाला बोललीस? खुबा खुबा करत गुपचूप मानेला मारलास ना करंट?"

"मारला असता तर माझी नोकरी राहिली असती का?"

"मग गाठ काय देवदूताने उचलली? इतक्या विनवण्या केल्या मी. एका शब्दाने सांगायचंस."

बाकावरचे पेशंट वळून बघायला लागले. माझं उत्तर जिभेवर होतं, तेवढ्यात चेचीने माझा हात घट्ट धरला.

"मोळे, पोरी, मध्ये बोलू नकोस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, चेट्टन ओरडत होते. आवाज घोगरा, फाटका, पण पार बाहेरच्या दारापर्यंत जात होता. त्यांच्याही ते ध्यानात आलं असावं. गळ्यावर हात ठेवून ते एकदम थांबले.

"गप्प का झालात?" चेची म्हणाली. "भांडा ना अजून."